शेटचं चूलबंद आवतण

दोष त्या म्हाताऱ्या मीठवाल्या शेटचाच होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर माणसं उगाच नशिबाला नावं ठेवतात. फार फार जुन्या काळी, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात तो मीठ विकायचा.

मिठाचा मक्ता त्याच्या घराण्याकडेच चालत आला होता. पण नव्या राजाने बजावलं, "जो खोऱ्यातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचतो, त्याचाच मक्ता. तू पोचतोस, हे दाखव."

शेट हसला. दुकानात येईल त्याला विचारू लागला, "काय रे, मी तुला ओळखतो की नाही?"

"ओळखता की, शेट!"

नाही म्हणणारा एकही भेटला नाही. "बघ सूनबाई, अख्खं खोरं आपल्या ओळखीचं!"

"मामंजी, ओळख नाही तो आपल्या दुकानात येईल कशाला? एकदा टेकडीवरून बघा तरी, घरं किती आहेत ती."

"टेकडी चढायला मी काय शेळी आहे? कालची पोर तू!"

केस पिकले की अक्कलही पिकते, अशी म्हाताऱ्यांची एक गोड समजूत असते. शेटची जरा जास्तच गोड होती.

पुरावा म्हणून त्याने चूलबंद आवतण द्यायचं ठरवलं. त्या दिवशी घरी कुणी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी शेटच्या मांडवात जेवायचं.

"मग दवंडी पिटा," सून म्हणाली.

शेटने गडी धाडले, तेही ओळखीच्याच दारांवर. "उरलंय कोण?" तो म्हणाला.

आवतणाच्या दिवशी दुपारी मांडव गच्च भरला. राजाही पाहायला आला. "पाहा महाराज, एक पाट रिकामा नाही!"

"मांडव पाहिला. आता चुली पाहू," म्हणत राजा टेकडी चढू लागला. शेट धापा टाकत मागे.

वरून पाहिलं तर पेठेवर धुराची रेघही नव्हती. शेटची छाती फुगली. मग राजाने ओढ्यापलीकडे बोट केलं. विणकरांची वस्ती, धनगरांची पालं, उतारावरच्या झोपड्या. निम्म्या खोऱ्यातून धूर निघत होता.

"धुकं आहे, महाराज."

"भर दुपारी? आणि धुक्याला भाकरीचा वास?"

"नाही, म्हणजे... ती माणसं आपण धरत नाही."

"का? अळणी जेवतात?"

ती माणसं वर्षानुवर्षं घाटाखालून मीठ वाहून आणत होती, आणि शेटने कधी चौकशीही केली नव्हती.

लहानांनो, आणि त्याहून जास्त थोरांनो, तात्पर्य एवढंच: आपली पोच किती, हे ओळखीच्यांना विचारून कळत नाही, जे ओळखीचे नाहीत ते मोजावे लागतात.

शेटचा मक्ता त्याच संध्याकाळी गेला. तो परत मिळाला नाही.