मडक्याच्या तळाचं दही

"सही करू की नको, तेवढंच सांगा बुवा."

डॉ. त्र्यंबक सोमण म्हणजे अर्थशास्त्रातलं बडं प्रस्थ. शंभर-दीडशे वर्षांत देश श्रीमंत कसे होतात, या एका प्रश्नावर त्यांनी चाळीस वर्षं घातली. आणि आज हा माणूस डोंगरातल्या मठात, गैनीबुवांसमोर, तोंड पाडून बसला होता.

"कसली सही?"

"निलोफर तांबोळी म्हणून माझी विद्यार्थिनी आहे. तिचा प्रबंध तीन महिने माझ्याकडे पडून आहे. माझ्या सहीशिवाय तिला पदवी नाही, नोकरी नाही."

"चुकलंय का तिचं काही?"

"तिचं कुठलं! माझंच चुकलंय..." सोमणांनी जवळची पिशवी घट्ट धरली. "जन्मभर सांगत आलो, यंत्रं वाढली की देश वाढतो. ती म्हणते, माणसं शिकतात म्हणून वाढतो. आणि दाखवलं कशावरून? माझ्याच तक्त्यांवरून! गावोगावची दप्तरं धुंडाळून मी जमवलेले आकडे ते. मग माझं काय राहिलं हो?"

बुवा उठले.

भाकरी आणि दह्याचं मडकं पुढ्यात ठेवलं.

"आधी जेवा."

भुकेपुढे कसली आलीय विद्वत्ता! सोमणांनी दोनदा दही घेतलं, आणि तिसऱ्यांदा मडकं खरवडायलाच लागले. बुवांनी झटकन मडक्यावर हात ठेवला.

"अहो, तळाचं राहू द्या! उद्याचं विरजण आहे ते."

सोमण ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "किती जुनं हे विरजण?"

"माझ्या गुरूंच्या गुरूंनी खालच्या गावातल्या एका बाईकडून आणलं. तेव्हापासून रोज चमचाभर मागं ठेवतो. एक दिवस खाडा नाही."

"म्हणजे शंभरेक वर्षं..." सोमणांनी लगेच हिशेब मांडला. सवय कुठं जाते! "मग त्या बाईच्या दह्यातलं आता यात थेंबभरही नसणार."

"नसणार."

सोमण मडक्याकडे बघत राहिले... आणि एकदम हसले. कित्येक दिवसांनी, अगदी पोटातून. मोकळं वाटलं त्यांना.

पिशवीतून प्रबंध काढला, मांडीवर ठेवला आणि तिथंच झोकात सही ठोकली. पानाला दह्याचं बोट लागलं ते लागलंच.

निघताना दारात थबकले.

"बुवा, त्या बाईंचं नाव काय होतं?"

"कुणाला ठाऊक..." बुवा मडक्यात दूध ओतत म्हणाले. "दही कसं होतं?"