कौलांखालची हातभर जागा

"…आणि कपाटं वर कौलांपर्यंत न्यावीत, का हातभर जागा सोडावी, अप्पाजी?"

बसगोंडा पाटलाने हे विचारलं तेव्हा अप्पाजी मठाच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांत उंच जागा म्हणजे हा टेकावरचा मठ. मठाचे स्वामी अप्पाजी, वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. डोळे अजून शाबूत होते, बोलणं पहिल्यापासूनच कमी.

लोक त्यांच्याकडे लग्नाचं जमत नाही म्हणून यायचे, भावकीचं भांडण घेऊन यायचे, एखादा मोक्षाबद्दलही विचारायचा. स्वयंपाकघराचा नकाशा घेऊन आलेला बसगोंडा पहिलाच. नकाशा त्याने स्वतः काढला होता आणि त्याच्या लेखी तो मोक्षापेक्षा निकडीचा होता.

अप्पाजींनी फोडलेली एक शेंग त्याच्या हातावर ठेवली.

"कशाला रे एवढी कपाटं?"

"सोय व्हावी म्हणून."

"कुणाची?"

"घराची. दुसऱ्या कुणाची असणार?"

बसगोंडा साखर कारखान्याच्या गोदामावर नोकरी करून निवृत्त झाला होता. खोलीत पाऊल टाकलं की इथे किती पोती बसतील हे तो नजरेने सांगायचा, आणि ते चुकायचं नाही. त्यामुळे गावात त्याला मान होता. त्याचं स्वतःबद्दलचं मत गावापेक्षा जरा जास्तच चांगलं होतं.

त्याने नकाशा पायरीवर पसरला. स्वयंपाकघर टीचभर, पण एक कोपरा वाया घालवलेला नव्हता. ओट्याखाली ट्रॉल्या, शेगडीशेजारी मसाल्यांचा ओढायचा कप्पा, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल. अप्पाजी एकेक गोष्ट बघून मान डोलावत होते.

मग बसगोंडाचं बोट वर सरकलं, माळ्यावर.

अप्पाजींची मान डोलायची थांबली.

त्या माळ्याची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. घर कौलारू, वर गच्ची नाही. बसगोंडाच्या वडिलांनी कांदे ठेवायला म्हणून स्वयंपाकघरावर फळ्यांचा माळा घातला होता. पुढे कांदे लावणं बंद झालं आणि माळा रिकामा पडून राहिला. महापुराच्या वर्षी बघता बघता पाणी ओट्यावर आलं, तेव्हा बसगोंडाने म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन त्या माळ्यावर चढवलं. मागोमाग बायको गौराक्का चढली आणि नात तनू. तनूचे आईबाप पुण्याला नोकरीला, पोरगी आजोबांकडेच असायची.

चौघं त्या फळ्यांवर एकमेकांना चिकटून बसली. खाली अंधाऱ्या पाण्यात घरातले डबे भिंतींवर आपटत तरंगत होते. तो आवाज बसगोंडाच्या कानांतून अजून गेलेला नव्हता. शेवटी तरंगत आलेल्या मुसळाने त्याने डोक्यावरची कौलं फोडली आणि त्या भगदाडातून होडीवाल्यांना हाका मारल्या. होडी त्यांना मठातच घेऊन आली होती. अप्पाजींनी स्वतः त्यांना कोरडी धोतरं दिली होती.

"पाण्याची भीती न्हाई मला," बसगोंडा म्हणाला. "तनू भूक भूक करत हुती. माझ्याकडं द्यायला काय न्हवतं. अख्खी जिंदगी गोदामात काढली, अप्पाजी, आणि नातीला मूठभर चुरमुरं देता आलं न्हाईत…"

बोलता बोलता त्याने हातातली शेंग चुरडून टाकली होती. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

अप्पाजींनी पायरीवरची टरफलं गोळा केली.

"परत तसं हुणार न्हाई. माळ्यावर आता महिन्याचं धान्य ठेवतो. पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या, सगळं. म्हणून विचारतोय. मिस्त्री म्हणतोय हातभर जागा सोडा. मी म्हणतो, सोडली की उंदरं होतात."

अप्पाजींनी नकाशाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"काम झालं की बोलाव. जेवायला येतो."

बसगोंडाने याचा अर्थ होकार असा लावला. उत्तर मिळालं नाही की हुशार माणसं आपल्या सोयीचं उत्तर घेऊन घरी जातात. त्याने मिस्त्रीला सांगितलं, कौलांपर्यंत ने.

काम उरकलं तेव्हा श्रावण लागला होता आणि नदी वाढत होती.

फार नाही, पण वाढत होती. बसगोंडाने काठावर एक काठी रोवली होती. उठल्या उठल्या तो ती बघायला जायचा आणि लोकांना सांगायचा, जरा फिरून येतो. फिरायला निघालेला माणूस एका काठीपाशी इतका वेळ उभा राहत नाही हे लोकांना कळत होतं. पण कुणी चिडवत नव्हतं, कारण तेही तिथे फिरायलाच आलेले असायचे.

घरी अव्वा वाट बघत असायची. अव्वा म्हणजे बसगोंडाची आई. महापुरापासून म्हातारीचं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं आणि शेवटी एक प्रश्न तेवढा शिल्लक राहिला होता.

"पाणी कुठवर आलंय?"

भर उन्हाळ्यात, नदीच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळत असायची तेव्हाही ती विचारायची. बसगोंडा म्हणायचा, लई खाली हाय गं. आताशा हे सांगताना तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

माळ्यावर एक डबा चढवला की त्याला घटकाभर बरं वाटे. मग मनात येई, एवढं पुरंल का? मग तो बाजारात जाऊन आणखी एक डबा घेऊन येई. खरी गोष्ट अशी होती की तो घाबरला होता. जेवण जात नव्हतं, आणि हे त्याने गौराक्कालासुद्धा सांगितलं नव्हतं. गौराक्काला न सांगताच कळलं होतं. तीही घाबरलेली होती, म्हणून तिने त्याला एकदाही थांबवलं नाही.

अप्पाजी आले तेव्हा बाहेर आभाळ काळं झालं होतं. गौराक्काने त्यांचे पाय धुतले, पाट मांडला. पण अप्पाजी पाटावर न बसता आधी स्वयंपाकघरात गेले.

खरंच सुंदर काम झालं होतं. पिठाचा डबा काढायला जन्मभर वाकत आलेल्या गौराक्काला आता नुसता हात लांब करावा लागत होता. अप्पाजींनी एक ट्रॉली बाहेर ओढली, आत ढकलली, पुन्हा ओढली. त्यांना त्याची गंमत वाटली. मसाल्याच्या कप्प्याशेजारी गुळाचा डबा बरोबर त्यांच्या हाताला लागला. त्यांनी खडा तोंडात टाकला.

"झकास केलंस," ते म्हणाले.

बसगोंडाची छाती फुगली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

मग अप्पाजींनी वर बघितलं.

फळ्यांचा माळा आता दिसत नव्हता. त्याच्या जागी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पत्र्याची पांढरी दारं होती, थेट कौलांना भिडलेली. कौलंही दिसत नव्हती.

"शिडी आण."

सगळ्यांनी नको नको म्हटलं. गौराक्का म्हणाली, आधी जेवून घ्या. बसगोंडा म्हणाला, मी दारं उघडतो, तुम्ही खालून बघा. अप्पाजी ऐकत उभे राहिले आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर शिडीची वाट बघू लागले. शेवटी ती आणावी लागली.

गौराक्काने शिडी घट्ट धरली. ऐंशीच्या पुढचा माणूस एकेक पायरी चढत होता. अव्वा दारात बसली होती. तनू तिच्यामागे उभी होती.

अप्पाजींनी पहिलं दार उघडलं. तांदूळ. दुसरं उघडलं. ज्वारी, डाळ, शेंगतेल. तिसऱ्यात पाण्याचे कॅन. बसगोंडा खालून सांगत होता, काय कुठे आहे, किती दिवस पुरेल. आवाजात गोदामाचा रुबाब परत आला होता.

शेवटच्या दाराआड चुरमुऱ्यांचे डबे होते. मोठमोठे, एकावर एक.

अप्पाजींनी त्यातला एक काढून खाली धरला.

"धर."

बसगोंडाने धरला. दुसरा आला. तोही धरला. तिसरा आला तसा बसगोंडाने पहिले दोन छातीशी कवटाळले आणि त्यावर तो घेतला.

"खाली ठेव की," अप्पाजी म्हणाले.

"खाली नको."

"का रे?"

"खाली… खाली पाणी येतंय, अप्पाजी."

फरशी कोरडी ठक्क होती. नवी कोरी, गौराक्काने सकाळीच पुसलेली. बसगोंडाने फरशीकडे बघितलं. पण डबे त्याने खाली ठेवले नाहीत. ठेवताच येईनात.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजायला लागला. वाऱ्याने शब्द तुटत होते. धरणातून… विसर्ग वाढवण्यात… नदीकाठच्या ग्रामस्थांनी…

गौराक्काने शिडी आणखी आवळून धरली. तनूने अव्वाचा पदर मुठीत धरला. त्या सगळ्यांना एकच आवाज आठवत होता, भिंतींवर आपटणाऱ्या डब्यांचा.

वर अप्पाजी मात्र आपल्या कामात होते. त्यांनी आणखी दोन डबे काढून बसगोंडाच्या हातांवर रचले. आता त्याची हनुवटी सगळ्यांत वरच्या डब्यावर टेकली होती. कप्पा रिकामा झाला.

अप्पाजींनी शिडीवरून एक पाय आत टाकला. मग दुसरा. पाठ वाकवली, गुडघे हनुवटीला लावले आणि ते हळूहळू त्या कप्प्यात सरकले. एक खांदा पत्र्याला घासला. डोकं कौलांना लागलं म्हणून मान कलती करावी लागली. शेजारच्या कप्प्यांत तांदूळ होते, ज्वारी होती, पाणी होतं. कुठे बोटभर जागा नव्हती.

"अप्पाजी, उतरा," बसगोंडा म्हणाला. "हात धराय यायचं न्हाई मला… हात भरल्यात माझं."



दारात अव्वा हलली. भोंगा तिने ऐकला होता की नाही कोण जाणे. तिने मान वर केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"पाणी कुठवर आलंय?"

लई खाली हाय, हे बसगोंडाच्या तोंडावर आलं आणि तिथेच राहिलं. त्याने आईकडे बघितलं. मग वर, जिथे तिला महापुरात टेकवून बसवलं होतं तिथे बघितलं. तिथे ज्वारीच्या कप्प्याचं उघडं दार लटकत होतं.

वरच्या अंधारातून एक म्हातारा हात बाहेर आला. तळवा उघडा, कुणाला तरी वर ओढून घ्यायला पुढे केलेला.

"मी मावलो, बसगोंडा. आता अव्वाला वर दे."