राजेसाहेबांची ट्राम आणि भिंतीवरचा कवडसा

"आमची ट्राम तुमच्या सुईला हात तरी लावते का हो, पंत?" रंगवाडीचे राजे भानुप्रतापराव गरजले.

वेधशाळेचे त्र्यंबकपंत घामाघूम झाले. पृथ्वीच्या चुंबकत्वाने फिरणारी सुई, सुईला चिकटवलेला आरसा आणि आरशातून भिंतीवर पडणारा दिव्याचा कवडसा, एवढाच त्यांचा तीस वर्षांचा संसार. विजेची ट्राम सुरू झाली आणि कवडसा दिवसभर थयथय नाचू लागला! रुळांतली वीज जमिनीत पाझरते, म्हणून सुई बिथरते, असं बिचारे सांगून थकले. पण ट्रामची निंदा म्हणजे राजेसाहेबांना पोटच्या लेकराची निंदा!

"आत्ता सिद्ध करा! नाहीतर वेधशाळा बंद करून उद्यापासून इथे ट्राम उभी करू!"

पंत नुसतेच कवडशाकडे बोट दाखवू लागले. तेव्हा वेधशाळेची झाडलोट करणारी सगुणा पुढे आली.

"सरकार, या बिनखिडकीच्या खोलीत बसून, नुसता कवडसा बघून मी ट्राम काय करतेय ते सांगते. एक चूक झाली तर खुशाल वेधशाळेला कुलूप लावा!"

राजेसाहेबांना गंमत वाटली. राजवाड्याच्या गच्चीवरून सगळा ट्राममार्ग दिसे; तिथून कारभारी टेलिफोनवर खबर देणार असं ठरलं. आत लोखंड न्यायला बंदी, त्यामुळे राजेसाहेबांना तलवार दाराबाहेर ठेवावी लागली. ते जास्तच भडकले.

"सुटली!" सगुणा म्हणाली. "चढ लागला... थांबली!"

"खोटं! तिथे थांबाच नाही!"

दाराबाहेर टेलिफोन कानाला लावून उभा असलेला कारकून चाचरत म्हणाला, "थांबलीय, सरकार. ड्रायव्हर शिदबा म्हसोबाला नारळ फोडतोय."

राजेसाहेबांनी ओठ चावला, दाराबाहेर जाऊन टेलिफोन हिसकावला आणि कारभाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजले.

"परत सुटली," सगुणा म्हणाली. "अगं बाई! मध्येच थांबली की!"

"सापडलीस!" राजेसाहेबांनी टाळी वाजवली. "आम्हीच वीजघर बंद करवलं! वीज नाही, ट्राम नाही, तरी तुझा कवडसा हलतोय!"

कवडसा खरंच संथ डुलत होता. पंतांनी डोळेच मिटून घेतले.

"थांबली हे मी सांगितलंच की, सरकार! झटके ट्रामचे होते, ते गेले. हा हेलकावा धरणीचा. ट्राम नव्हती तेव्हापासून, बारा वर्षं रोज बघतेय. वीजघराला हुकूम सोडलात तसा धरणीलाही एक सोडा. हेलकावा थांबला, तर कुलूप मीच लावते!"

राजेसाहेब आधी चपापले, मग पोट धरून हसत सुटले. त्याच दिवशी हुकूम निघाला: ट्राम राहील, वेधशाळा सरकारी खर्चाने, ट्रामची वीज पोचणार नाही अशा बारा कोसांवरच्या माळावर जाईल, पंत तिथले प्रमुख आणि सगुणाबाई त्यांच्या पगारी साहाय्यक!