भरलेली शेंग

"आणि बी भिजवायला कोणी सांगितलं होतं?" भुजंगनाथबाबांनी विचारलं.

"पुस्तकात होतं, बाबा. कडधान्य पेरण्याआधी रात्रभर भिजवावं."

"मग?"

"आठ दिवसांत निम्मं बी मातीतच कुजलं."



समोर बसले होते दिगंबर उखळकर. खालच्या गावातले निवृत्त हेडमास्तर. एकतीस वर्षं त्यांनी शाळा चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत शाळेची घंटा एक मिनिट मागेपुढे झाली नाही, हे ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं ते बाबांच्या मठासाठी हा डोंगर चढत होते. बाबांचा अनुग्रह हवा होता. दर वेळी बाबा म्हणत, "बघू."

यंदा आषाढात मात्र बाबांनी त्यांच्या ओंजळीत बी ओतलं होतं. सोयाबीनचं. पण तेलाचं नव्हे, हिरवं खायचं. जपानला जाऊन आलेल्या कुणा भक्तानं आणून दिलेलं.

"घरामागे पेरा," बाबा म्हणाले होते. "हिरव्या शेंगा उकडून, मीठ लावून घेऊन या. त्या दिवशी अनुग्रह."

आज उखळकर आले होते. हातात शाल, नारळ आणि एक कापडी पिशवी. पाठोपाठ त्यांच्या पत्नी, कावेरीबाई. त्या डोंगरावर पहिल्यांदाच आल्या होत्या. दाराशी टेकल्या होत्या, पदरानं घाम पुसत.

पिशवीतल्या शेंगा बाबांनी ओट्यावर ओतल्या.

पिवळ्या पडलेल्या. वाळलेल्या. एक हलवली तर आत दाणे खुळखुळले.

"उरलेलं निम्मं बी कसं पेरलंत?"

"कोरडंच. बोटाच्या पेराएवढं खोल. वरून पाणीही घातलं नाही, जमिनीत ओल होतीच. सगळं उगवलं."

"हे कुठल्या पुस्तकात होतं?"

उखळकर जरा थांबले. "पुस्तकात नव्हतं. हिनं सांगितलं."

"बरं. पुढं?"

"पुढं होले आले, त्या पाखरांनी कोंब खुडायला सुरुवात केली. मी बुजगावणं उभं केलं. शाळेतला माझा जुना कोट घातला त्याला."

"घाबरले होले?"

"...कोटाच्या खांद्यावर बसायचे."

दाराशी कावेरीबाईंनी हसू दाबलं.

"मग रोपं वाचली कशी?"

"हिनं जुनी मच्छरदाणी ताणून बांधली वरून."

बाबांनी मान हलवली. एक वाळलेली शेंग उचलून दाताखाली धरली. चावली नाही. परत ठेवली.

"झाडं चांगली आली होती म्हणा की."

"कमरेएवढी!" उखळकरांचा आवाज चढला. "शेंगांनी लगडली होती, बाबा. माझी चूक एवढीच झाली, की पुस्तकातल्या पंच्याऐंशी दिवसांवर मी विश्वास ठेवला. भिंतीवर तारखा लिहिल्या. पंच्याऐंशीव्या दिवशी सकाळी कात्री घेऊन गेलो, तर..."

त्यांनी ओट्यावरच्या शेंगांकडे हात केला.

"त्याआधी कोणी काही बोललं नाही?"

उखळकरांनी नजर शेंगांवरून दाराकडे नेली.

"त्र्याहत्तराव्या दिवशी," उखळकर सावकाश म्हणाले, "ही म्हणाली, आज काढू या."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, अजून बारा दिवस आहेत."

बाबा उठले. हाताची खूण करून कावेरीबाईंना म्हणाले, "माय, जरा या."

मठाच्या मागे बाबांचा स्वतःचा वाफा होता. तेच बी, पंधरा दिवस उशिरा पेरलेलं. पानं अजून हिरवीगार.

"यातल्या कुठल्या काढायच्या?"

कावेरीबाई संकोचल्या. नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि झाडाशी बसल्या. एकेक शेंग अंगठा आणि बोटात धरून सोडू लागल्या. डोळे तिसरीकडेच होते.

"हे झाड आज. हे परवा. हे राहू द्या, अजून पोकळ आहे."

उखळकर वाकून पाहत होते. तिन्ही झाडं त्यांना सारखीच दिसत होती. तीच लव, तोच हिरवा रंग. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सारखीच.

ते बाबांकडे वळले. नारळ पुढे केला.

"बाबा, मी पुढच्या वर्षी पुन्हा पेरतो. या वेळी चुकणार नाही. पण मला सांगा, माझं नेमकं..."

बाबांनी नारळ घेतला नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि वाफ्याकडे पाहिलं.

उखळकर तसेच उभे राहिले, नारळ धरून.

मग त्यांनी नारळ खाली मातीत ठेवला. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, बायकोशेजारी उकिडवे बसले.

"कसं कळतं गं तुला?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. कावेरीबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नाही ना, याची खात्री करून घेतली. मग त्यांचं बोट धरलं आणि एका शेंगेवर ठेवलं.

"दाबा. हळू... एवढं जोरात नाही. दाणा दाण्याला चिकटलाय का बघा."

"...हो."

"आता ही."

"ही... हिच्यात जागा आहे अजून."

"आहे ना? मग ती परवा."

उखळकरांनी तिसरी शेंग स्वतःहून धरली. डोळे मिटून दाबली. चौथी धरली.

बाबांनी 'आज'चं झाड मुळासकट उपटलं, माती झटकली आणि चुलीकडे निघाले.

तेवढ्यात उखळकरांना आठवण झाली. बसल्या जागेवरून त्यांनी हाक मारली.

"बाबा! माझा अनुग्रह?"

बाबा न वळताच म्हणाले,

"चालू आहे, हेडमास्तर. मध्ये बोलू नका."