दहावा ठिपका

“रेघ आधी ओढलीस, की ठिपके आधी दिलेस?”

बाबूमियाँ मुजावरांनी आलेखाचा कागद डोळ्यांपासून लांब धरला होता. बॉयलरमध्ये वाफ वाढली की आपोआप उघडणारी झडप असते. तिच्या स्प्रिंगा ते चाळीस वर्षे वळत होते.

“ठिपके आधी, उस्ताद,” निरंजन म्हणाला. “पाच-पाच किलोची दहा वजनं चढवली. दर वजनाला स्प्रिंग किती दबली ते मांडलं. रेघेच्या चढावरून तिचा कडकपणा काढला.”

निरंजन डिप्लोमाला पहिला आलेला. ही स्प्रिंग कसोटीला उतरली, तर आज त्याला स्प्रिंगांवर मारायचा उस्तादांचा छाप मिळणार होता. मग त्याचे काम कोणी तपासणार नव्हते.

“दहाही ठिपके रेघेवर?”

“दहाही.”

“माझ्या हातून असं कधी झालं नाही.”

“तुम्ही आलेख कधी काढलात, उस्ताद?”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी कागद दारातल्या उन्हापुढे धरला. दहाव्या ठिपक्याच्या वर कागद घासून पातळ झाला होता. तेवढ्यातून ऊन दिसत होते.

“इथं काय होतं?”

“काही नाही... डाग पडला होता.”

“डाग.”

“हो.”

उस्तादांकडे एक रीत होती. एकाच तारेच्या दोन स्प्रिंगा वळायच्या. एक तपासायची. दुसरीवर वजन ठेवायचे नाही.

त्यांनी दोन्ही आणल्या. टेबलावरच्या सपाट काचेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. वरून पोलादी पट्टी आडवी टेकवली.

पट्टी कलली.

तपासलेली स्प्रिंग नखभर बुटकी होती. वजने उतरल्यावरही ती पुरती उठली नव्हती.

निरंजनचे कान तापले.

“दहाव्याला जास्त दबली... मला वाटलं, माझीच नजर चुकली. नऊ ठिपके सरळ होते, उस्ताद. एकासाठी रेघ मोडायची?”

“बॉयलरपाशी पाळीला माणसं किती?”

“अकरा.”

“दहाच धर. सोपं पडेल.”

छाप समोरच खिळ्याला टांगलेला होता. निरंजनने तिकडची नजर काढली.

बुटकी स्प्रिंग उचलून तो म्हणाला, “ही स्प्रिंग... भंगारात टाकू?”

उस्तादांनी हात पुढे केला.

“स्प्रिंग राहू दे. खोडरबर दे इकडे.”