वस्तादांच्या गाडीचं तेल

“...पण सगळ्यात चांगलं तेल कुठलं, वस्ताद?”

“कुणासाठी?”

“तुमच्या गाडीसाठी.”

“मग मला कशाला इचारतोस? गाडी तिथं उभी हाय.”

जोतिराम हसला. वस्ताद हसले नाहीत.

चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून वर आलं, की रस्त्याला लागूनच मौलावस्तादांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर फणसाचं झाड, झाडाखाली पाण्याचा माठ. माझ्या गाडीचा पट्टा तुटला होता म्हणून त्या सकाळी मी तिथल्या बाकावर कुडकुडत बसलो होतो. धुकं इतकं होतं की समोरचा फणसही नीट दिसत नव्हता. जे ऐकलं ते सांगतो, पदरचं काही घालत नाही.

जोतिराम शेडगे हा वस्तादांचा शिष्य. हात सोन्याचा, डोकं मात्र तापट. दुसऱ्या दिवशी उंब्रजला त्याचं स्वतःचं गॅरेज सुरू व्हायचं होतं.

पण वस्तादांकडे एक रिवाज आहे. शिष्य स्वतःचं दुकान मांडायला निघाला, की आदल्या संध्याकाळी त्यानं वस्तादांच्या गाडीतलं जुनं तेल काढायचं. सकाळी आपल्या पसंतीचं नवं तेल आणून भरायचं. मग वस्ताद किल्ली फिरवतात, कान देऊन ऐकतात आणि ‘जा’ म्हणतात.

‘जा’ म्हटलं नाही तर? कायद्यानं कुणी अडवत नाही. पण या रस्त्यावरचे ड्रायव्हर नव्या मिस्त्रीला पहिला प्रश्न तोच विचारतात, “वस्तादांनी सोडलंय का तुला?” त्याला उत्तर नसेल तर गाडी पुढच्या गॅरेजला जाते.

म्हणून जोतिराम नवा शर्ट घालून आला होता. त्यानं तेलाचा डबा पुसून पाटावर ठेवला होता. डब्याला हळदकुंकू लावलं होतं, वर जास्वंदीचं फूल.

“काय हाय?” वस्तादांनी विचारलं.

“ट्वेंटी-फिफ्टी. रेसच्या गाड्यांत घालत्यात. ह्याच्यापरास जाड तेल आख्ख्या कऱ्हाडात घावायचं न्हाई.”

वस्तादांनी फूल पाटावर ठेवून डबा हातात घेतला, जरा तिरका करून पाहिला.

“माझ्या गाडीला टर्बो हाय.”

“ठाऊक हाय की.”

“गाडीच्या पुस्तकात काय लिवलंय?”

“फाइव्ह-थर्टी.”

“मग?”

जोतिरामनं मान ताठ केली.

“पुस्तक सगळ्यांसाठी असतंय, वस्ताद. तुमची गाडी सगळ्यांसारखी न्हाई.”

“हे गाडीला ठाऊक हाय का?”

मला हसू आलं. जोतिरामनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप धुकं बघायला लागलो.

वस्ताद उठले. शेडच्या भिंतीला एक पत्रा तिरका लावलेला होता, दवानं गारठलेला. त्यांनी फळीवरचा फाइव्ह-थर्टीचा डबा घेतला आणि पत्र्याच्या वरच्या टोकाला थोडं तेल सोडलं. शेजारीच जोतिरामच्या डब्यातलं सोडलं.

पातळ तेल सरसर खाली आलं आणि मातीत टपकलं. जाड तेल अर्ध्या वाटेवर पोचलं होतं.

“येतंय माझंबी,” जोतिराम म्हणाला.

“येतंय की. टर्बो थांबणाराय का तंवर?”

...

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी एक भिंगरी. तिच्यामुळं लहान इंजिनही घाट दणक्यात चढतं. पण तिचा सगळा जीव तेलात असतो. किल्ली फिरवली की ती लगेच पळायला लागते, आणि तेल पोचेपर्यंत कोरडीच पळते. हे वस्तादांनी मला एकदा हातात जळका टर्बो देऊन समजावलं होतं. जोतिरामला समजावायची गरज नव्हती. त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

“पण घाटात काय?” तो म्हणाला. “तापल्यावर पातळ तेलाचं पाणी हुतंय. तिथं जाडच टिकतंय.”

“काल माझ्या गाडीतनं काढलंस ते कुठलं?”

“फाइव्ह-थर्टीच.”

“त्यात बोट घाल.”

जुन्या तेलाची परात कोपऱ्यात होती. काळं मिट्ट तेल. पावसाळाभर आणि पुढं दिवाळीपर्यंत हा घाट चढलेलं. जोतिरामनं त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं.

“ऱ्हायलंय का त्यात काय?”

जोतिराम चोळतच राहिला. बोटांना ते अजून बुळबुळीत लागत होतं.

“...ऱ्हायलंय.”

वस्ताद पुन्हा बाकावर येऊन बसले. जोतिरामचा चेहरा लाल झाला होता.

“म्हंजे मी नापास.”

वस्ताद बोटाला लागलेलं तेल पुसत होते.

“देवाला निवद आणावा तसं आणलं मी, वस्ताद. सकाळी आंघोळ करून आणलं. तुमाला त्यात निस्ती ग्रेड दिसली!”

...

“ऱ्हाऊ द्या. नको मला तुमचं ‘जा’. असाच उघडतो गॅरेज.”

त्यानं हातातलं फडकं जमिनीवर आपटलं आणि तो मोटरसायकलकडं गेला. टांग टाकून बसलासुद्धा. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं नातं तेलाच्या एका डब्यावरून तुटलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात धुक्यातून एक पांढरी गाडी धापा टाकत वर आली आणि शेडसमोर थांबली. चालवणाऱ्या बाईंनी किल्लीला हात घातला.

“बंद करू नका, ताई,” वस्तादांनी बसल्या जागेवरून हात वर केला. “चालू ऱ्हाऊ द्या जरा. जोत्या, पाणी आण.”

हाही तिथला रिवाज. घाट चढून आलेली टर्बोची गाडी तिथं लगेच बंद करू देत नाहीत. चालवणाऱ्याला माठातलं पाणी देतात. तो सावकाश पाणी पिणार, तोवर इंजिन जागच्या जागी हळू चालणार. पेला रिकामा झाला की किल्ली फिरवायची. नवखी माणसं वैतागतात. मीही वैतागायचो.

जोतिराम मोटरसायकलवरून उतरला. बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नसावं. वस्तादांनी ‘पाणी’ म्हटलं की त्याचे पाय माठाकडं वळायचे, इतकंच. त्यानं पेला विसळून भरला आणि बाईंना दिला.

“कशाला चालू ठेवायची हो?” बाई म्हणाल्या. “डिझेल फुकट जातंय.”

“तापून आलीया ती,” वस्ताद म्हणाले. “तापल्यावर एकदम बंद केली की तेल हाय तिथंच थांबतंय आणि आतल्या आत करपतंय. जरा दम खाऊ द्या तिला. तुमीबी बसा.”

बाई बाकावर माझ्या शेजारी बसून पाणी प्यायला लागल्या.

वस्ताद स्वतः उठले. माठाशी गेले. दुसरा पेला भरला आणि जोतिरामच्या पुढं धरला.

“घे.”

“मला नको.”

“सावकाश पी.”

जोतिरामनं पेला घेतला. एक घोट घेतला आणि थांबला. पेल्यात बघत राहिला.

...

“वस्ताद.”

“बोल.”

“मी नवा आलतो, तवा एका गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलतो. तुमी मला पाणी दिलं हुतं.”

“तहान लागली आसंल तुला.”

“पुन्हा एकदा पाना भिरकावला. बरणी फुटली. तवाबी पाणीच दिलं.”

“उन्हाळा हुता.”

“माझा बा गेला. मी कुणाशी बोलत नव्हतो, कामाला हात लावत नव्हतो. तवा रोज...”

गाडीचं इंजिन हळू आवाजात चालू होतं.

“तुमच्याआधी दोन गॅरेजातनं हाकललं हुतं मला,” जोतिराम म्हणाला. “तापलो की भाईर काढायचे. हितं कुणी काढलं न्हाई. माझ्या हातात आज जे काय हाय ते तुमच्यामुळं हाय, वस्ताद. ते तेवढं सांगायला आलतो मी. सांगता येत न्हाई म्हणून डबा आणला.”

“कळलं मला,” वस्ताद म्हणाले.

बाईंचा पेला रिकामा झाला होता. “आता करू का बंद?” त्यांनी हळूच विचारलं.

“करा.”

गाडी शांत झाली. फणसावरून दव टपकत होतं तेवढाच आवाज.

वस्ताद पाटाशी वाकले. तिथलं जास्वंदीचं फूल त्यांनी उचललं आणि आपल्या शर्टाच्या खिशात नीट ठेवलं.

“हे माझं,” ते म्हणाले. मग फळीवरच्या डब्याकडं बोट केलं. “ते तिचं.”

जोतिरामनं डोळे बाहीनं पुसले. बाहीला तेल होतं, ते गालाला लागलं. नवा शर्टही गेला. तो फळीवरचा डबा घेऊन वस्तादांच्या गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं, नरसाळं लावलं आणि तेल ओतायला लागला. इतक्या निगुतीनं की एक थेंब सांडला नाही. मग तेल मोजायची काडी काढून पुसली, बुडवली, पुन्हा काढून पाहिली. तेल बरोबर खुणेपाशी होतं.

वस्ताद गाडीत बसले. किल्ली फिरवली.

थंडीनं गारठलेलं इंजिन एका झटक्यात चालू झालं. थोडी खडखड झाली, लगेच गेली. मग आवाज एकसारखा झाला. वस्तादांनी हलका पाय दिला आणि टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली. स्वच्छ.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले.

आम्ही तिघंही ऐकत होतो. बाईंना कशाचाच पत्ता नव्हता, पण त्याही हात जोडल्यासारखा पेला धरून उभ्या होत्या.

वस्तादांनी इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले. जोतिरामनं त्यांचे पाय धरले.

“वस्ताद, उंब्रजला समदी तयारी झालीया. लिफ्ट आली, कंप्रेसर आला, कॉम्प्युटर आला. बोर्डबी रंगवून झाला. आता तुमी सांगा... जाऊ का?”

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बघत मात्र ते फणसाकडं होते.

“माठ कुठं ठेवणार हायस?”