चटईवरचा मोबाइल

“...पण मग चुकलं कुठं माझं, भन्ते? रोज पाठवत होतो मी सगळं. एक दिवस खाडा केला नाही.”

सुगतने मोबाइल पुढे धरला. भन्ते शीलरत्न भिक्षापात्र पुसत होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

“वैनगंगेला पाणी किती आहे यंदा?” त्यांनी विचारलं.

आता घ्या. पोरगं काय विचारतंय आणि म्हातारा काय विचारतोय.

सुगत वासनिक नागपूरचा. पाठीवर पिशवी टाकून निघालेला. रात्रीच्या बसमध्ये झोपायचं म्हणजे खोलीचं भाडं वाचतं, गरम पाण्यात शेवया बुडवून खायच्या म्हणजे जेवण उरकतं, असं करत करत तो थायलंड आणि कंबोडिया पाहून लाओसमध्ये आला होता. मेकाँग नदीच्या काठी या विहारात एक मराठी भन्ते आहेत, मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या, वैनगंगेकाठच्या पवनीचे, आपल्याकडच्या पोराला राहू देतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.

भन्तेंनी राहू दिलं. पण ऐकून काही घेतलं नाही.

“अंगकोरला सूर्य उगवताना पाहिला, भन्ते. काय सांगू तुम्हाला...”

“पवनीच्या बाजारात शिंगाडे येतात का अजून?”

आल्या दिवसापासून हे असं. सुगतला हसावं की चिडावं कळेना. एवढं जग पालथं घालून यायचं, आणि इथं बसून भंडारा जिल्ह्याची परीक्षा द्यायची.

एकदा मात्र भन्ते आपणहून बोलले होते. “आमच्या घरामागं मोहाचं झाड होतं. सकाळी फुलं पडली की अंगणभर वास. आई म्हणायची, पाय जपून टाक.”  इतकी वर्षं झाली, पण तो वास आठवला की अजून जीव कासावीस होतो, असंही म्हणाले.

आज सुगतची चिडायचीही ताकद नव्हती. काल प्रसेन मित्रांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून निघून गेला होता. एक शब्द न बोलता.

प्रसेनजित मेश्राम. शाळेपासूनचा मित्र. ही सहल खरं तर त्याचीच. कॉलेजसमोरच्या टपरीवर अर्ध्या चहात दोघांनी किती संध्याकाळी काढल्या, आणि प्रत्येक संध्याकाळी प्रसेन नकाशावर बोट फिरवायचा. इथं बोटीनं, इथं चालत, इथं दोन दिवस नुसतं लोळायचं. मग निघायच्या तोंडावर त्याच्या वडिलांना लकवा मारला. प्रसेन घरी राहिला.

“जिथं जाशील तिथलं दाखवत राहा बे,” तो स्टेशनवर म्हणाला होता. “म्हणजे मी पण आलोच.”

सुगतने दाखवलं. देऊळ दाखवलं, बाजार दाखवला, तळलेले किडे दाखवले. ग्रुपवर सगळे वा वा करायचे. प्रसेनही करायचा. मग त्याचा नुसता अंगठा यायला लागला. मग तोही येईना. आणि काल...

“त्याच्यासाठीच पाठवत होतो ना मी,” सुगत म्हणाला. “त्याचा जीव रमावा म्हणून. तोच गेला.”

भन्तेंनी पुसलेलं पात्र पालथं ठेवलं.

अंगणात एक म्हातारी आली. सकाळी भिक्षेच्या वेळी ती पात्रात चिकट भाताचा गोळा घालायची, आणि मग इथं येऊन झाडाच्या मुळाशी लहानशा बाटलीतलं पाणी सावकाश ओतायची. ओठ हलत असायचे.

“काय म्हणते ती?” सुगतने विचारलं.

“बहिणीचं नाव घेते. वारलेल्या. दानाचं पुण्य तिला पोचावं म्हणून.”

“आणि आई-बाप?”

“काल आईचं घेतलं. बापाचं उद्या घेईल.”

“एकदम का नाही घेत? सगळ्यांचं मिळून?”

भन्तेंनी तिला तिच्या भाषेत विचारलं. म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली, काहीतरी बोलली आणि बाटली घेऊन निघाली.

“ती विचारते, तुमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच हाक मारतात का?”

सुगत मोबाइल या हातातून त्या हातात करत राहिला. मग त्याने प्रसेनला व्हिडिओ कॉल लावला.

बराच वेळ वाजला. शेवटी चेहरा दिसला.

“बोल,” प्रसेन म्हणाला. नुसतंच.

सुगत गडबडला. तोंडात आलं ते रोजचंच. “थांब थांब, तुला मेकाँग दाखवतो. ऊन बघ कसलं पडलंय...” आणि त्याने कॅमेरा नदीकडे फिरवला.

भन्तेंनी हात पुढे केला. मोबाइल काढून घेतला आणि चटईवर पाठीवर निजवला. मागचा कॅमेरा चटईला टेकला.

“अबे, दिसत नाही काही,” प्रसेनचा आवाज आला. “काळं झालं सगळं.”

सुगतने मोबाइल उचलायला हात घातला. भन्तेंनी त्याचं मनगट धरलं.

दाखवायला काही उरलं नव्हतं. म्हणून सुगतने खाली वाकून पडद्यावरच्या प्रसेनकडे पाहिलं.

“...दाढी वाढवलीस?”

“वेळ कुठं मिळतो.”

“डोळे सुजलेत तुझे.”

प्रसेनने डोळे चोळले. त्याच्या मागे कुणीतरी हललं.

“मागं कोण आहे रे?”

“बाबा. खुर्चीत बसवलंय.”

“बसायला लागले? कधीपासून?”

“चार-पाच दिवस झाले.” प्रसेनने मान फिरवली. “ग्रुपवर सांगणार होतो. लिहिलंही होतं. तेवढ्यात तुझे धबधब्याचे फोटो आले. सगळे त्यातच लागले... मग म्हटलं, जाऊ दे.”

 निघाल्यापासून आपण प्रसेनच्या बाबांबद्दल एकदाही विचारलं नाही, हे त्याला आत्ता, या चटईवर कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“बाबांना दे ना जरा.”

चित्र हललं. वाकडं झालेलं तोंड, नीट विंचरलेले केस. त्यांनी काळ्या पडद्याकडे निरखून पाहिलं. जीभ वळत नव्हती.

“सु... ग्या. जे... जेवला का?”

लहानपणी त्यांच्या दारात पाय ठेवला की हेच ऐकू यायचं. सुगत रडायला लागला. दिसत नाही म्हणून बरं, असं त्याला वाटलं, आणि मग तसंही वाटेना.

त्यानंतर प्रसेन बोलला आणि सुगतने ऐकलं. व्यायाम करवून घ्यायला कोण येतं, आईची कंबर कशी धरते, टपरीवाल्याने चहात आलं घालणं कसं सोडलं. ऊन चटईवरून सरकून भिंतीवर गेलं. नदीत बोटी आल्या, गेल्या. एकाही बोटीचा फोटो निघाला नाही.

“बरं, अजून एक,” शेवटी सुगत म्हणाला. “तुझी आत्या पवनीला असते ना? वैनगंगेला पाणी कसं आहे रे?”

“हे काहून विचारतोस मधीच?” प्रसेन हसला. किती दिवसांनी हसला, देव जाणे. “काठोकाठ आहे म्हणते. शिंगाडे पाठवलेत तिनं. तू ये, मग उकडू.”

फोन ठेवला. ग्रुपचा विषय दोघांनीही काढला नाही.

भन्ते तसेच बसून होते.

“काठोकाठ आहे, भन्ते. शिंगाडेही आलेत बाजारात.”

भन्तेंनी डोळे मिटले. मग ते चटईच्या कडेला सरकले आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला.

“बस पोरा,” ते म्हणाले. “आता सांग. कुठं कुठं जाऊन आलास?”